उन्हाळीचा विकार आणि क्रॅनबेरीचें पेय

"उन्हाळी लागली" हे शब्द आपल्या घरांत सर्वांच्या परिचयाचे आहेत. लघवी करतांना आग होते, ती थेंब थेंब होते, पुन्हां पुन्हां जावेंसें वाटतें, ओटीपोट दुखतें, म्हणजे घरांतील वडील मंडळी हेंच निदान करितात, आणि लगेच धणे-जिऱ्याचें पाणी किंवा भिजविलेला सब्जा पुढें येतो. कडक उन्हाच्या दिवसांत अंगांतील पाणी कमी झालें म्हणजे असा दाह पुष्कळदां होतो, आणि भरपूर पाणी प्याल्यानें तो शमतोहि. परंतु त्याच नांवाखालीं दुसरा एक विकार दडलेला असतो. तो केवळ उष्णतेचा नव्हे; मूत्रमार्गांत शिरलेल्या जंतूंचा तो विकार होय. त्याविषयीं, व त्याच्या प्रतिबंधासाठीं ज्या परदेशी फळाचें नांव अलीकडे वारंवार कानीं येतें त्या क्रॅनबेरीविषयीं, चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

असला विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें कारण सांगतों. गतवर्षीं पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहांतील इयत्ता आठवीच्या एका मुलीस हा विकार जडला. चार दिवस तिनें तो कोणास कळूं दिला नाहीं. आग होऊं नये म्हणून तिनें पाणी पिणेंच जवळजवळ सोडलें. म्हणजे जें करावयास पाहिजे होतें त्याच्या नेमकें उलट केलें. पांचव्या रात्रीं तिला हुडहुडी भरून ताप आला, कुशींत असह्य वेदना होऊं लागल्या आणि ओकाऱ्या सुरू झाल्या. जंतु मूत्राशयांतून वर चढून मूत्रपिंडापर्यंत पोहोंचले होते. तिला सहा दिवस रुग्णालयांत रहावें लागलें. बरी होऊन आल्यावर आम्हीं तिला विचारलें, "बाळ, पहिल्याच दिवशीं कां सांगितलें नाहींस?" ती मान खालीं घालून म्हणाली, "सांगायची लाज वाटली, बाई."

थोड्या वेळानें तिनें आणखी एक गोष्ट सांगितली. मुलींच्या शौचगृहांतील एका दाराची कडी जून महिन्यापासून मोडलेली होती. म्हणून पुष्कळ मुली दिवसभर तेथें जाण्याचें टाळीत, आणि जावें लागूं नये म्हणून पाणीहि पीत नसत. ही मोडकी कडी आम्ही रोज पाहत होतों. तिचा अर्थ मात्र आमच्या ध्यानांत आला नव्हता. दुसऱ्याच दिवशीं ती दुरुस्त झाली. कामाला अर्धा तास देखील लागला नाहीं.

या मुलीची आत्या अमेरिकेंत राहते. नाताळच्या सुमारास ती इकडे आली तेव्हां तिनें सुकविलेल्या क्रॅनबेरीची एक मोठी पिशवी आणली, आणि "हें पोटांत गेलें म्हणजे पुन्हां असें होणार नाहीं" असें भाचीस सांगितलें. ती लाल, सुरकुतलेलीं फळें पाहून साऱ्या मुलींनीं आम्हांस प्रश्न विचारले: हें औषध आहे काय? याचें सरबत करतां येईल काय? आणि खरेंच का गुण येतो? डॉक्टरांस विचारून व कांहीं वाचून आम्हांस जें समजलें तें येथें देत आहों.

विकार कसा होतो

कमरेच्या वरच्या बाजूस, पाठीच्या कण्याच्या दोहों अंगांस, दोन मूत्रपिंडें असतात. तीं रात्रंदिवस रक्त गाळून त्यांतील टाकाऊ द्रव्यें पाण्याबरोबर बाहेर काढतात. हें मूत्र दोन बारीक नळ्यांवाटे खालीं मूत्राशयांत सांचतें, आणि तेथून मूत्रनलिकेच्या वाटेनें शरीराबाहेर जातें. आतां, निरोगी माणसाच्या आंतड्यांत असंख्य जंतु वास करितात. त्यांपैकीं एका जंतूचें वर्णन थिओडोर एशेरिख या डॉक्टरानें १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें त्याच्याच नांवावरून त्यास ई. कोलाय असें म्हणूं लागले. आंतड्यांत असेपर्यंत हा जंतु बहुधा निरुपद्रवी असतो. परंतु तोच मूत्रमार्गांत शिरला म्हणजे उपद्रव मांडतो. मूत्रमार्गाच्या बहुतेक जंतुविकारांचें मूळ हाच जंतु होय.

स्त्रियांची मूत्रनलिका सुमारें ४ सेंटिमीटर, तर पुरुषांची सुमारें २० सेंटिमीटर लांब असते. जंतूंना जवळची वाट मिळते म्हणून हा विकार मुलींना व स्त्रियांना अधिक होतो. यांत मुलीच्या वागणुकीचा कांहीं दोष नाहीं. शरीराची रचनाच तशी आहे. मुलगे यांतून अजिबात सुटतात असेंहि नव्हे.

मूत्राच्या प्रवाहाबरोबर हे जंतु वाहून कां जात नाहींत, असा प्रश्न कोणी चौकस विद्यार्थी विचारील. पुष्कळसे वाहून जातातच. परंतु ई. कोलायच्या अंगावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतु असतात. वाळलेल्या गवतांतून चालून आलें म्हणजे कुसळें जशीं कपड्यांना धरून बसतात, तसे हे जंतु त्या तंतूंच्या योगें मूत्राशयाच्या अस्तरास चिकटतात, आणि तेथें ठाण मांडून वाढूं लागतात. लघवी फार वेळ कोंडून ठेवली, किंवा पाणी कमी प्याल्यामुळें ती थोडी व क्वचितच झाली, म्हणजे त्यांस वाढावयास आयताच अवकाश मिळतो. कुसळांची ही उपमा वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. क्रॅनबेरीचा गुण समजण्यास ती पुढें उपयोगी पडेल.

फळ आणि त्याचा देश

क्रॅनबेरी ही उत्तर अमेरिकेंतील थंड व पाणथळ प्रदेशांत जमिनीवर पसरणारी एक सदाहरित वेल आहे. वनस्पतिशास्त्रांत तिला व्हॅक्सिनियम मॅक्रोकार्पन म्हणतात. तिचें फूल देठावर वाकलेलें असतें, तें क्रौंच पक्ष्याच्या मानेसारखें व चोंचीसारखें दिसतें. इंग्रजींत त्या पक्ष्यास क्रेन म्हणतात. त्यावरूनच फळास हें नांव पडलें असें सांगतात. फळ आपल्या करवंदाएवढें असून पिकल्यावर गर्द लाल होतें. चव मात्र अतिशय आंबट व तुरट. साखरेवांचून एक फळ खाणेंहि कठीण. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील मूळचे रहिवासी वॅम्पनोअग लोक हें फळ अन्नासाठीं, रंगासाठीं व औषधासाठीं पूर्वापार वापरीत आले आहेत.

त्याच राज्यांत केप कॉड नांवाची समुद्रांत शिरलेली भूमि आहे. तेथील डेनिस गांवच्या हेन्री हॉल नांवाच्या गृहस्थानें १८१६ सालीं एक गोष्ट पाहिली. वाऱ्यानें किनाऱ्यावरची वाळू उडून ज्या रानवेलींवर पडली होती, त्या वेली मरण्याऐवजीं अधिकच फोंफावल्या होत्या. मग त्यानें आपण होऊन वेलींवर वाळू पसरण्यास आरंभ केला. अमेरिकेंतील क्रॅनबेरीच्या शेतीचा प्रारंभ येथून मानितात. आज त्या देशांतील निम्म्याहून अधिक पीक विस्कॉन्सिन राज्यांत निघतें.

या फळाच्या पोटांत हवेचे चार पोकळ कप्पे असतात, म्हणून तें पाण्यावर तरंगतें. शेतकरी या गुणाचा मोठा चतुर उपयोग करितात. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत सुगीच्या दिवसांत ते बांध घातलेल्या शेतांत पाणी सोडतात, यंत्राच्या फिरत्या दांड्यांनीं पाणी घुसळून फळें वेलींपासून सोडवितात, आणि वर तरंगून आलेलीं फळें एका बाजूस लोटून गोळा करितात. त्या वेळीं सारें शेत लाल सरोवरासारखें दिसतें. या रीतीनें काढलेलीं फळें रसासाठीं व सुकविण्यासाठीं जातात; ताजीं विकावयाचीं असतात तीं कोरड्या शेतांतूनच काढतात.

गुणाची परीक्षा कशी झाली

लोकांचा समज एक, आणि परीक्षेनें ठरलेली गोष्ट दुसरी. या फळाच्या बाबतींत तो इतिहास विद्यार्थ्यांस बोधप्रद आहे. १९१४ सालीं ब्लादरविक नांवाच्या शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, क्रॅनबेरी खाल्ल्यानें मूत्राची अम्लता वाढते. त्यावरून अम्ल मूत्रांत जंतु टिकत नसावेत, असा तर्क पुष्कळ वर्षें चालला. परंतु माणूस सहज पिऊं शकेल इतक्या रसानें मूत्र जंतु मारण्याइतकें अम्ल होत नाहीं, असें पुढें दिसून आलें. केवळ आंबटपणाचाच गुण असता तर चिंच व कोकम यांनींहि तें काम केलें असतें.

१९८४ सालीं सोबोटा नांवाच्या संशोधकानें निराळीच दिशा दाखविली. क्रॅनबेरीचा रस जंतूंस मारीत नाहीं, तर त्यांस चिकटूं देत नाहीं, असें त्यास आढळलें. १९९८ सालीं एमी हॉवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें काम करणारें द्रव्य दाखवून दिलें. तें प्रोअँथोसायनिडिन नांवाच्या तुरट द्रव्यांच्या वर्गांतील असून क्रॅनबेरींत त्याची घडण कांहींशी विशेष असते. आतां कुसळांची उपमा आठवावी. कुसळाचे कांटेच बोथट झाले तर तें कपड्याला धरणार नाहीं. सहज झटकलें जाईल. तद्वतच अस्तराला न धरलेला जंतु लघवीबरोबर वाहून जातो. यावरून एक गोष्ट उघड होते. जो जंतु अगोदरच चिकटून वाढला आहे त्यावर हा उपाय चालत नाहीं. हें पेय प्रतिबंधक आहे, रोगनाशक नव्हे.

प्रत्यक्ष माणसांवर गुण किती येतो, याविषयींहि मतें बदलत गेलीं. जगांतील अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तोलून पाहणारी कॉक्रेन नांवाची संस्था आहे. तिच्या २०१२ सालच्या परीक्षणांत क्रॅनबेरीचा लाभ फारसा दिसला नव्हता. त्यानंतर आणखी प्रयोग झाले, आणि २०२३ सालच्या परीक्षणांत ५० प्रयोगांचा विचार होऊन निर्णय पालटला. ज्या स्त्रियांना हा विकार वारंवार होतो त्यांच्यांत तो पुन्हां होण्याचें प्रमाण सुमारें एक चतुर्थांशानें, व मुलांमध्यें निम्म्याहून अधिक कमी झालेलें आढळलें. वृद्धाश्रमांत राहणारे वृद्ध व गरोदर स्त्रिया यांच्या बाबतींत मात्र असा लाभ सिद्ध झाला नाहीं. नवा पुरावा मिळतांच जुनें मत सोडण्यास शास्त्राला संकोच वाटत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं येथें लक्षांत घ्यावें.

पेय करण्याची रीत

ताजीं फळें आपल्याकडे क्वचितच मिळतात. गोठविलेलीं मोठ्या शहरांत व सुकविलेलीं बहुतेक ठिकाणीं मिळतात. म्हणून दोन रीती देतों.

पहिली रीत ताज्या किंवा गोठविलेल्या फळांची. पाव किलो फळें निवडून स्वच्छ धुवावीं. मऊ पडलेलीं व डागाळलेलीं टाकून द्यावीं. स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यांत एक लिटर पाणी घेऊन त्यांत फळें घालावीं व मध्यम आंचेवर ठेवावीं. कल्हई नसलेलें पितळेचें भांडें कदापि घेऊं नये, कारण आंबट रसानें तें कळकतें, अल्युमिनियमचेंहि टाळावें. पाणी उकळूं लागलें म्हणजे फळें फटाफट फुटूं लागतात. तो आवाज ऐकावयास मुलांना मौज वाटते, पण भाजण्याचा संभव असल्यामुळें त्यांनीं दूर उभें रहावें. सुमारें दहा मिनिटांनीं सर्व फळें फुटलीं म्हणजे पातेलें खालीं उतरवावें, पळीच्या पाठीनें फळें चेपावीं, आणि रस स्वच्छ फडक्यांतून किंवा गाळणींतून गाळून घ्यावा. तो गरम असतांनाच चार मोठे चमचे साखर विरघळवावी. यापेक्षां अधिक साखर घालण्याचा मोह आवरावा. औषधाच्या नांवाखालीं साखरपाणी पिण्यांत शहाणपण नाहीं. निवाल्यावर तें कांचेच्या बाटलींत भरून फ्रिजमध्यें ठेवावें व तीन दिवसांत संपवावें.

दुसरी रीत सुकविलेल्या फळांची. ५० ग्रॅम फळें धुऊन तीन पेले पाण्यांत रात्रभर झांकून भिजत ठेवावीं. सकाळीं त्याच पाण्यासह दहा मिनिटें उकळावीं, चेपून गाळावीं व निवूं द्यावीं. बाजारांतील सुकविलेल्या फळांत बहुधा अगोदरच साखर मुरविलेली असते. म्हणून वरून ती घालूं नये. गाळून उरलेला चोथाहि फेंकूं नये. तो पोळीबरोबर मुरंब्यासारखा चांगला लागतो.

तयार रस विकत घेणारांनीं बाटलीवरील मजकूर वाचावा. पुष्कळ बाटल्यांत रस थोडा व साखर फार असते. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें २०२० सालीं मर्यादित पुराव्यावर जो उल्लेख करण्यास परवानगी दिली, तो निरोगी स्त्रियांपुरता असून, किमान २७ टक्के रस असलेल्या पेयाच्या दररोजच्या २४० मिलिलिटर मात्रेस अनुलक्षून आहे. घरच्या पेयांत फळाचा अंश प्रत्येक वेळीं कमीअधिक उतरतो. म्हणून त्यास मोजून दिलेल्या औषधाची योग्यता देऊं नये.

आपल्याकडे करवंदें साखरेंत मुरवून, लाल रंग देऊन, चेरीच्या नांवानें विकतात, आणि कधीं कधीं क्रॅनबेरीच्या नांवानेंहि. दोन्ही फळें दिसावयास सारखीं असलीं तरी त्यांचीं कुळें अगदीं निराळीं आहेत. वैशाखांतील डोंगरची मैना आम्हांसहि अत्यंत प्रिय आहे. पण क्रॅनबेरीवर झालेल्या प्रयोगांचें श्रेय तिला देतां येणार नाहीं.

कोणीं जपावें

रक्त पातळ ठेवण्यासाठीं वॉरफरिन नांवाचें औषध घेणारांनीं डॉक्टरांच्या अनुमतीवांचून हें पेय घेऊं नये. ज्यांस मुतखड्याची खोड आहे त्यांनीं व मधुमेह्यांनींहि आधीं विचारावें. लहान मुलांस द्यावयाचें तें वैद्यकीय सल्ल्यानेंच द्यावें.

सर्वांत महत्त्वाचें असें कीं, आग सुरू झाल्यावर हें पेय पीत घरीं बसूं नये. लघवी तपासून घ्यावी, आणि डॉक्टरांनीं जंतुनाशक औषध दिल्यास बरें वाटूं लागलें तरी सांगितलेले सर्व दिवस तें घ्यावें. थंडी वाजून ताप, कुशींत किंवा पाठींत दुखणें, ओकारी, लघवींत रक्त, यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास एक दिवसाचाहि विलंब करूं नये. गरोदर स्त्रीनें व तान्ह्या मुलाच्या आईनें तर विशेष सावध असावें. तान्ह्या मुलांत कारणावांचून आलेला ताप हेंच कधीं कधीं या विकाराचें एकमेव चिन्ह असतें.

फळ न मिळाल्यास

हें फळ परदेशचें व महागडें आहे; प्रत्येक घरास तें परवडेल असें नाहीं. त्यांनीं खंत करण्याचें कारण नाहीं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, पाणी कमी पिणाऱ्या व वारंवार हा विकार होणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या होत्या. त्यांपैकीं निम्म्या स्त्रियांस दररोज नेहमीपेक्षां दीड लिटर पाणी अधिक पिण्यास सांगितलें. वर्षभरांत या स्त्रियांना सरासरी १.७ वेळां विकार झाला; इतरांना ३.२ वेळां. साध्या पाण्याचा हा पराक्रम आहे. आपल्या आजीबाईंचें धणे-जिऱ्याचें पाणीहि, निदान पेलाभर पाणी पोटांत नेतें म्हणून, आदरास पात्र आहे.

विद्यार्थिनींनीं व विद्यार्थ्यांनीं इतकें करावें: शाळेंत आणलेली पाण्याची बाटली मधल्या सुट्टीपर्यंत रिकामी करून पुन्हां भरावी, तीन-चार तासांहून अधिक वेळ लघवी कोंडून ठेवूं नये, मुलींनीं स्वच्छता करतांना हात पुढून मागें न्यावा, मागून पुढें आणूं नये, आणि मलावरोध होऊं देऊं नये, कारण त्यानेंहि हा विकार बळावतो. लघवीचा रंग गर्द पिवळा दिसला तर शरीर पाणी मागत आहे असें समजावें.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलें संध्याकाळीं घरीं येतात तेव्हां गुणांची चौकशी आपण करतांच. त्याबरोबर बाटलींतील पाणी संपलें काय, आणि शाळेंतील शौचगृहांत जाण्यास कांहीं अडचण वाटते काय, हेंहि विचारावें. अडचण असल्यास आम्हांस निःसंकोच कळवावें. दाराची कडी, नळाचें पाणी व झाडलोट या गोष्टी मुलांच्या अभ्यासाइतक्याच आमच्या कर्तव्याच्या आहेत, हें आम्ही एका मुलीच्या दुखण्यानंतर शिकलों. तें आधींच शिकावयास पाहिजे होतें.

आत्यांनीं आणलेल्या फळांचें पेय आम्हीं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांत मुलींबरोबर केलें. प्रत्येकीस अर्धा अर्धा पेला आला. बहुतेकींनीं तोंडें वांकडीं केलीं, दोघींनीं आणखी मागितलें. त्या मंडळींत बसून त्या मुलीनें आपल्या दुखण्याची सारी हकीकत स्वतःच सांगितली. त्यानंतरच्या आठवड्यांत दोन मुली आमच्याकडे आल्या व पहिल्याच दिवशीं आपली तक्रार सांगून गेल्या. दोघी औषधानें तीन दिवसांत बऱ्या झाल्या. एकीलाहि रुग्णालयांत रहावें लागलें नाहीं.